डावीकडचा लाल दोरा

ऑफिसात तिला पाठीमागे ब्रशबाई म्हणत, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. टायपिंगच्या खोलीत अकरा टेबलं, अकरा जणी. पण खणात लहान मुलांचा दात घासायचा ब्रश ठेवणारी ही एकटीच. तो दातांसाठी नव्हताच. कानात घालायच्या इअरफोनची जाळी साफ करायला होता, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

काम सांगायला सोपं. शेजारच्या इमारतीत लोकांच्या तक्रारींची सुनावणी चाले. तिथे दोन माइक; एक प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, एक उत्तर देणाऱ्यापुढे. रेकॉर्डिंग या खोलीत येई आणि जो जे बोलला ते जसंच्या तसं टाइप करायचं. अधिकारी उजव्या कानात, उत्तर देणारा डाव्या कानात. पायाखाली एक कळ. दाबली की आवाज सुरू, सोडली की बंद, टाचेनं दाबली की थोडं मागे. एखादा शब्द दहा वेळा ऐकूनही लागला नाही, तर कंसात 'अस्पष्ट' लिहायचं. बाकीच्यांच्या पानावर दोन-चार 'अस्पष्ट' असतच. ब्रशबाईच्या पानावर नसत. वर्षभरात तिनं तो शब्द किती वेळा लिहिला, ते साहेबांनी एकदा मोजून सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तेव्हापासून उरलेल्या दहा जणींचं तिच्यावर किती प्रेम असेल ते वेगळं सांगायला नको.

"माझं काय त्यात," ती म्हणे, "सगळं श्रेय या इअरफोनचं." हे काही नम्रपणानं म्हणत नसे ती. इअरफोन नऊ वर्षं टिकले कसे, असं समोरच्यानं पुढे विचारावं म्हणून म्हणे. खोलीत नवी मुलगी आली की ती बिचारी हमखास विचारी, आणि मग जेवणाची सुट्टी त्यातच जाई.

"वस्तू आपली आपण मरत नाही गं, आपण मारतो तिला. वायर धरून हिसका देतेस ना? देऊ नको. टोकाशी धर आणि काढ. मोबाइलला गच्च गुंडाळू नको, दोन बोटांवर सैल गुंडाळ. न्हाऊन आल्या आल्या ओल्या कानात घालू नको. शनिवारी रबरी टोप्या काढ, कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाक, धू, आणि खडखडीत वाळेपर्यंत परत बसवू नको, घर पेटलं तरी. जाळीला पाणी नाही, टाचणी नाही, आणि फुंकर तर मुळीच नाही. फुंकरीतली वाफ आत जाऊन बसते. जाळीचं तोंड खाली धर आणि खालून ब्रश फिरव, म्हणजे मळ खाली पडतो. चिकटून बसलाच, तर भिंतीवर कागद लावायचा तो मऊ चिकट गोळा असतो ना, तो हलकेच टेकव आणि उचल. मग डबीत. डबीत औषधाच्या बाटलीतली ती ओल शोषणारी पुडी. एवढंच तर आहे!"

मुलगी हो हो म्हणे आणि वर्षभरानं नवे इअरफोन घेई.

आता खरं सांगायचं तर ही विद्या ब्रशबाईची नव्हतीच. सासऱ्यांची होती. सासरे घड्याळजी; पंचेचाळीस वर्षं एका अरुंद दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेले. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. त्यामुळे घरात सून आणि सासरे अशी दोघंच. तिनं इअरफोन आणले त्या दिवशी सासऱ्यांनी ते हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाले, "सूनबाई, हे घड्याळच आहे की. नुसते काटे नाहीत." ब्रश त्यांनी दिला, डबी त्यांनी दिली, तोंड खाली धरायला त्यांनीच शिकवलं. आणि दुकानातला एक नियमही दिला. घड्याळ खोललं की ज्या भोकातला स्क्रू त्याच भोकात परत जायचा. दिसायला सगळे सारखे, पण झिजून झिजून प्रत्येक जण आपापल्या जागेचा झालेला असतो. अदलाबदल केली की घड्याळ रुसतं. म्हणून डाव्या वायरला त्यांनी लाल दोऱ्याची बारीक गाठ मारून दिली. वर लिहिलेलं अक्षर पुसून जातं, गाठ जात नाही. लाल तो डावा. नऊ वर्षांत लाल कधी उजव्या कानात गेला नाही.

तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी दुकान बंद केलं. हात थरथरू लागला होता. कुणी फारच विचारलं तर "कंटाळा आला" म्हणत.

पाच महिन्यांपूर्वी ब्रशबाई सर्दीतापानं आठवडाभर अंथरुणाला खिळली. डोकं जड, दोन्ही कान ठणकत होते. मध्येच शनिवार आला. पोरीचा शनिवार चुकायला नको म्हणून सासऱ्यांनी डबी उघडली, टोप्या धुतल्या, जाळ्यांवर ब्रश फिरवला आणि सगळं होतं तसं ठेवून दिलं. ती बरी होऊन कामावर गेली, कळ दाबली, आणि उत्तर देणारा माणूस भिंतीपलीकडून बोलत असल्यासारखा ऐकू आला. डावा मंद झाला होता.

संध्याकाळी ती घरात शिरली ती चप्पल न काढताच.

"बाबा, माझ्या इअरफोनला हात लावला होतात?"

"शनिवार होता," सासरे म्हणाले. "मी आपलं नेहमीसारखं केलं."

"डावा गेला! अहो, चहाचा कप धड धरवत नाही तुम्हाला, आणि जाळीला ब्रश लावायला निघालात? नऊ वर्षं सांभाळलेत मी!"

सासऱ्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. "असेल," ते म्हणाले. "हात राहिला नाही माझा."

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण राग त्याहून मोठा होता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती बाजारातून आली, तर डबी जागची हललेली दिसली; तेव्हापासून डबी तिच्या कपाटात कुलपाखाली गेली. सासरेही घरातल्या वस्तूंना हात लावीनासे झाले. भिंतीवरच्या घड्याळाला रोज चावी द्यायचं काम त्यांचं होतं, तेही ते तिला सांगू लागले. जेवायला ते कायम तिच्या डावीकडे बसत. आता उजवीकडे बसू लागले. तिनं कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

डाव्यासाठी तिनं काय म्हणून करायचं बाकी ठेवलं नाही. नुसत्या शनिवारी नाही, रोज साफसफाई सुरू केली. नव्या टोप्या आणल्या. चिकट गोळा इतक्यांदा टेकवला की जाळी आरशासारखी चकाकू लागली. डबीत एका पुडीऐवजी चार पुड्या टाकल्या. डावा ढिम्म. आणि तिच्या पानांवर 'अस्पष्ट' उगवू लागले. आधी एखादा, मग दोन, मग रांगच.

साहेबांनी तिला बोलावलं तेव्हा त्यांच्यापुढे अठरा पानं होती. "बाई, यात एकोणतीस 'अस्पष्ट' आहेत. सगळे उत्तरांत. प्रश्न तेवढे शाबूत."

"माइक खराब असेल साहेब."

"हेच रेकॉर्डिंग मी तुमच्या शेजारणीला दिलं. तिच्या पानांवर एकही नाही." त्यांनी दुसरा गठ्ठा पुढे सरकवला. ते ओरडणारे साहेब नव्हते, त्यामुळे जास्त लागलं. "त्या बाई तासभर आपलं गाऱ्हाणं सांगत होत्या. तुमच्या पानांवर त्या मुक्या झाल्यात. हे मी पुढे कसं पाठवू?"

"तिचे इअरफोन नवे आहेत. माझ्या घरी... सासऱ्यांच्या हातून माझा डावा बिघडलाय."

"मग ऑफिसचे घ्या."

ऑफिसचे हेडफोन म्हणजे कुणाकुणाच्या कानाला लागलेले, काळे पडलेले. ब्रशबाईनं ते स्पिरिटच्या बोळ्यानं तीनदा पुसले, नाक मुरडून घातले, आणि दोन मिनिटांत काढून ठेवले. "हेपण डावीकडून गेलेत. सार्वजनिक वस्तू, दुसरं काय होणार!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," शेजारीण पुटपुटली. पण ती डावीकडे बसत असे, त्यामुळे हे काही ब्रशबाईपर्यंत पोचलं नाही.

साहेबांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. इअरफोन नीट करून आणा, नाहीतर सोमवारपासून जावक विभाग. जावक म्हणजे तळमजल्यावरची खोली; पाकिटं भरायची, चिकटवायची, वहीत नोंद करायची. तिथे कान लागत नाहीत, डोकंही फारसं लागत नाही. वीस वर्षं जे काम आपल्याइतकं कुणालाच येत नाही असं वाटत आलं, ते सोडून पाकिटं चिकटवायची, हे तिला मुळीच पटेना. गुरुवारी अर्धी रजा टाकून ती निघाली. इतकी वर्षं तिनं इअरफोन परक्या हातात दिले नव्हते. पण आता अडला हरी.

दोन रस्ते सोडून एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली एक बाई बसत असे. हेडफोन, रेडिओ, चार्जर, आवाज करणारी कुठलीही वस्तू दुरुस्त करी. ब्रशबाईनं डबी उघडून पुढे ठेवली. दुरुस्तीवालीनं लाल गाठ बघितली आणि म्हणाली, "हे परत आलं?"

"परत म्हणजे? मी पहिल्यांदाच येतेय."

"तुम्ही नाही हो. एक म्हातारे बाबा आले होते, चार-पाच महिने झाले. ही गाठ लक्षात आहे माझ्या, आणि इतकी स्वच्छ जाळी तर या दुकानात कधी आलीच नाही. सुनेचे आहेत म्हणाले. यंत्रावर लावून बघितले मी. दोन्ही बाजू सारख्या, तसूभर फरक नाही." एवढं बोलून तिनं जीभ चावली. "अरे देवा. आमच्या घरून कुणी आलं तर मी आलो होतो हे सांगू नका, असं बजावून गेले होते. विसरलेच बघा."

ब्रशबाईला त्यातलं अर्धंच डोक्यात शिरलं. "सारख्या कशा असतील? डावा मंद आहे. मी रोज ऐकतेय ना!"

दुरुस्तीवालीनं तिच्याकडे एकदा नीट बघितलं. मग मोबाइलला इअरफोन जोडले, एका बातम्या सांगणाऱ्याचा आवाज लावला आणि म्हणाली, "ताई, उलटे घाला."

"म्हणजे?"

"लाल उजव्या कानात घाला."

"तसं आम्ही घालत नाही," ब्रशबाई म्हणाली. ते 'आम्ही' कुठून आलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"एकदा घाला हो. काही होत नाही."

तिनं घातले. लाल गाठीचा तो मंद, बिघडलेला, सासऱ्यांच्या हातून मेलेला डावा उजव्या कानात खणखणीत बोलू लागला. आणि उजवा, ज्यानं नऊ वर्षांत कधी तक्रारीला जागा दिली नव्हती, तो डाव्या कानात जाऊन भिंतीपलीकडे गेला. तिनं काढले, पुन्हा घातले. पुन्हा तेच. नवीन लागलेल्या पोरीलाही सुचेल अशी ही तपासणी पाच महिन्यांत तिला एकदाही सुचली नव्हती. स्क्रूची जागा बदलायची नाही म्हणजे नाही!

"मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं, वस्तूत काही नाही, कान दाखवा म्हणावं," दुरुस्तीवाली हळूच म्हणाली. "मी फक्त वस्तू दुरुस्त करते ताई. माणसांचा दवाखाना समोरच्या रस्त्याला आहे."

कानाची डॉक्टर तरुण होती. तिनं आत दिवा घालून बघितलं, दोन नळ्या लावल्या, कमीजास्त आवाज ऐकवून कागदावर दोन रेघा काढल्या. एक रेघ वर, एक बरीच खाली. "कान मात्र फार स्वच्छ हं तुमचे," ती म्हणाली. सर्दीचं पाणी पडद्यामागे साचून राहिलं होतं, घट्ट झालं होतं. छोटं ऑपरेशन करावं लागेल. किती ऐकू परत येईल, ते आत्ता सांगता येणार नाही. "तेव्हाच आला असतात तर बहुधा औषधावर भागलं असतं. इतके दिवस काही जाणवलं नाही?"

"जाणवलं," ब्रशबाई म्हणाली. "दुसऱ्याची चूक वाटली."

घरी आली तेव्हा सासरे खिडकीशी बसले होते, दोन्ही हात मांडीवर एकावर एक. पाच महिने ते असेच बसत होते आणि तिला ते म्हातारपण वाटत होतं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिनं, आणि संन्यासी मुकाट फासावर चढला होता.

"जिन्याखालच्या बाईकडे गेला होतात."

"सांगू नका म्हटलं होतं तिला," सासरे म्हणाले.

"विसरली ती. बाबा, तुम्हाला माहीत होतं! पाच महिने मी तुम्हाला नाही नाही ते बोलले, जेवताना बोलले, फोनवर तुमच्या मुलापाशी बोलले, आणि तुम्ही ताकाला तूर लागू दिली नाहीत. का?"

सासऱ्यांनी मांडीवरच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "माझं एक गिऱ्हाईक होतं, वीस वर्षांचं. एक दिवस म्हणालं, 'बाबा, हात थरथरतोय तुमचा.' चांगल्या मनानं म्हणालं गं. आदल्या दिवसापर्यंत त्याच थरथरत्या हातानं मी घड्याळं लावत होतो आणि ती चालत होती. दुसऱ्या दिवशी मला एक स्क्रू उचलता येईना. तुझा कान गेला हे तुला कुणी तसं सांगावं, असं मला वाटेना. आणि माझा हात काय, गेलेलाच आहे. त्याच्यावर आणखी एक आळ आला, तर त्याला काय जड?"

"डॉक्टर म्हणाली, तेव्हाच आले असते तर औषधावर भागलं असतं."

हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम पडला. हात मांडीवरून सुटला आणि उघड्यावर थरथरू लागला. "मला वाटलं, गेलं ते गेलं," ते म्हणाले. "वयाचंच असेल म्हटलं, माझ्यासारखं."

"मूर्खपणा केलात."

"केला."

"मीपण केला," ती म्हणाली आणि रडू लागली. तिला स्वतःची लाज वाटत होती, म्हाताऱ्याचा रागही येत होता, आणि त्याच्याशिवाय आपल्याला कुणी इतकं जपलं नाही हेही कळत होतं. तिन्हींपैकी कुठलं आधी बोलावं ते कळेना, म्हणून तिनं चहा टाकला. कप त्यांच्या हातात अर्धाच भरून दिला, म्हणजे सांडणार नाही.

शुक्रवारी ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, इअरफोन ठीक आहेत. कान माझा आहे." वाक्य छोटं होतं, पण जिना चढताना तिनं ते चारदा घोकलं होतं. साहेबांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. ऑपरेशन होईपर्यंत जावकमध्ये बसा, नंतर बघू, म्हणाले. नंतरचं वचन त्यांनी दिलं नाही आणि तिनं मागितलं नाही. खण रिकामा करताना शेजारीण उठून तिच्या उजवीकडे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लवकर या हो. जाळी साफ कशी करायची ते पुन्हा एकदा नीट सांगा मला." ब्रशबाईनं ते पूर्ण सांगितलं. सुट्टी त्यातच गेली.

मग शनिवार आला. जावकमध्ये इअरफोनला काही काम नव्हतं, पण शनिवार तो शनिवार. तिनं कपाटाचं कुलूप काढलं, डबी आणून टेबलावर सासऱ्यांपुढे ठेवली आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसली, म्हणजे ते तिच्या चांगल्या कानाशी आले.

"हा दोरा सोडा," ती म्हणाली. "उत्तरं ऐकायची तर आता हा उजव्या कानात घालावा लागणार, मग लाल तो डावा कसला?"

"कात्री आण."

"कात्री नाही. गाठ तुम्ही मारलीत, तुम्हीच सोडा."

सासऱ्यांनी खिशातून जुनं भिंग काढून डोळ्याला लावलं. वायर हातात घेतली. बोटं गाठीपर्यंत जात, घसरत, पुन्हा जात. दोनदा वायर टेबलावर पडली. तिचे हात शिवशिवत होते. पण तिनं ते मांडीवर दाबून धरले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. त्याला तिनं सकाळपासून मुद्दामच चावी दिली नव्हती. बऱ्याच वेळानं दोऱ्याचं एक टोक सुटलं, मग दुसरं, आणि तो लाल तुकडा टेबलावर पडला. खालची वायर तेवढ्या जागी नव्यासारखी होती.

सासऱ्यांनी भिंग काढलं, डोळे पुसले आणि इअरफोन तिच्याकडे सरकवले. तिनं ते घेतले नाहीत. टोप्या काढून पाण्यात टाकल्या आणि ब्रश त्यांच्या हातात दिला.

"जाळी राहिली," ती म्हणाली.

"मी? या हातानं?"

"मग कुणाच्या? तोंड खाली धरा बाबा. आणि झालं की उठून घड्याळाला चावी द्या, बंद पडायला आलंय ते."